शेवंतीचा दोर

मुकुंदवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत बसायला जागा कमी आणि पत्रकं जास्त होती. खाटेखाली पत्रकं, आईच्या शिलाई मशीनवर पत्रकं, तांदळाच्या डब्याला ओल लागू नये म्हणून त्याच्याखाली पुन्हा पत्रकंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसा एका छापखान्यात कामाला होते आणि संध्याकाळी घरी स्वतःचा छापखाना चालवायचे. हा छापखाना म्हणजे एका बंद पडलेल्या शाळेकडून भंगाराच्या भावात आणलेलं सायक्लोस्टाइल यंत्र. त्याचं हँडल फिरवलं की खट्‌-सर्र, खट्‌-सर्र असा आवाज यायचा आणि एकेक कागद शाईचा वास घेऊन बाहेर पडायचा. नळाला पाणी येत नाही म्हणून पत्रक, रेशनच्या दुकानात गव्हात खडे निघाले म्हणून पत्रक, धरणात गेलेल्या गावांना अजून रस्ता नाही म्हणून पत्रक. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर आवाहन' या दोन शब्दांवरून. माझं नावही अण्णांनी पत्रकाच्या मथळ्यासारखंच ठेवलं, क्रांती. मामाच्या गावात त्याचं किरांती झालं आणि आईला राग आला की नुसतं "अगं ए".

अण्णांचे पत्रकाचे नियम होते आणि ते मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. सिद्ध करता येणार नाही असं विशेषण वापरायचं नाही. शेवटच्या ओळीत काहीतरी स्पष्ट मागायचं, नुसतं रडायचं नाही. आणि खाली नाव पाहिजे. या तिसऱ्या नियमावर ते फार कडक होते. "बिननावाचा कागद म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड," असं म्हणायचे. एकदा कुणी शेजाऱ्याने दुकानदाराविरुद्ध निनावी मजकूर छापून मागितला, तर अण्णांनी त्याला चहा पाजला, बिस्कीट दिलं आणि कोरा कागद हातात देऊन परत पाठवलं. मी ते सगळं दारात उभी राहून पाहिलं होतं. त्यामुळे मला नियम माहीत नव्हता असं मला कधीच म्हणता येणार नाही.

परवा अण्णा म्हणाले, आत्मकथन लिहायचं तुझं वय नाही, तिशीत माणसानं दुसऱ्यांबद्दल लिहावं. बरोबर असेल. पण मी गेली दहा वर्षं दुसऱ्यांबद्दलच लिहिते आहे, तेही दात-ओठ खाऊन, आणि लोक माझी ओळख करून देताना 'जिनं कधी आपलं नाव लपवलं नाही अशी' असं म्हणतात. दर वेळी ते वाक्य ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे एक नदी येते, तिच्यात पोहणारी एक तांबडी घोडी येते, आणि मी टाळ्या संपेपर्यंत पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहते.

माझ्या मामाचं गाव गोदावरीच्या काठी, धरणाच्या फुगवट्याजवळ. मूळ गाव होतं पलीकडच्या तीरावर. धरण झालं, पाणी चढलं, माणसं अलीकडे उठून आली. म्हसोबा मात्र पलीकडेच राहिला, कारण तो उंचवट्यावर होता आणि देवाला कुणी नोटीस दिली नव्हती. म्हणून चैत्रातल्या जत्रेला सगळं गाव होड्यांत बसून देवाकडे जायचं. उन्हाळ्यात फुगवट्याचं पाणी हटतं, नदी आपल्या जुन्या पात्रात येते आणि पलीकडे गाळाची सपाट जमीन उघडी पडते, पापडासारखी कोरडी, तळव्याला गरम लागणारी. त्या गाळावर घोड्यांची शर्यत व्हायची. आमच्या मामाकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मेंढरांमागे बिऱ्हाड फिरायचं आणि बिऱ्हाड वाहायला घोडी लागायची. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, लहानगी कोकरं, सगळं तिच्या पाठीवर. वर्षभर ओझं वाहणारी ती घोडी एक दिवस पाठ मोकळी ठेवून पळायची. मला आजही वाटतं, शर्यतीचा खरा अर्थ तोच होता.

शर्यतीची घोडी होडीत घालत नसत. तिनं नदी पोहूनच देवापुढं जायचं, अंग धुतलं गेलं पाहिजे. होड्या गावच्या घाटापासून नदीनं खाली तासभर चालायच्या, घोड्या काठाकाठानं यायच्या, आणि जुन्या उतारापाशी, जिथं पात्र अरुंद होतं, तिथं घोडी पाण्यात उतरवायची. तिच्या गळ्यातला दोर होडीतल्या माणसानं धरायचा. आमच्या मामाच्या कुळात हा दोर भाचीनं धरायचा मान. का, ते कुणाला माहीत नव्हतं. मामी म्हणायची, "लेकीच्या लेकीचा हात लागला की जनावर बुडत नाय." वयाच्या नवव्या वर्षापासून तो दोर माझ्या हातात होता. शेवंती, मामाची तांबडी घोडी, कपाळावर फुलासारखा पांढरा ठिपका असलेली. ती पोहायला लागली की फक्त तिचं डोकं वर दिसायचं, नाकपुड्या भात्यासारख्या फुगायच्या आणि दोरातून तिचा श्वास माझ्या तळहाताला कळायचा. काठावरची माणसं म्हणायची, "उत्तमची भाची आली." शहरात मी पत्रकवाल्याची पोरगी होते. तिथं, त्या होडीत, सात वर्षं, मी कुणीतरी होते.

पंधराव्या वर्षी मी तिथंच भाषण केलं. जत्रेच्या रात्रीचं मटण, येसरची आमटी, ओळीनं बसलेली माणसं, आणि कुणीतरी म्हणालं की पालखीला पहिला हात अमक्याच घराचा. मी उठून उभी राहिले आणि मान म्हणजे काय, तो एकालाच का, बाकीच्यांनी नुसतं बघायचं का, हा सगळा जुनाट कारभार मोडला पाहिजे, असं अण्णांच्या तीन पत्रकांतली वाक्यं जोडून सांगितलं. लोक हसले. मामा हसला नाही. उत्तममामा हाडकुळा, मितभाषी माणूस, त्याला वाचता येत नाही. तो बोट चाटायचं थांबवून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याला काही कळलं नसावं.

पुढच्या चैत्रात दहावीची परीक्षा देऊन मी आणि आई निघालो. अण्णांनी माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा घातला होता. मथळा होता, 'पूल आमच्या हक्काचा'. जत्रेला सगळी गावं एकत्र येतात, होड्यांत माणसं तासभर रिकामी बसतात, तेव्हा ती वाटायची, असा त्यांचा बेत. पैठणच्या एसटीत बसलो. चितेगावला मावशी आणि तिची पूजा चढल्या. मावसा तिथल्या कारखान्यात कामाला. पूजा माझ्याहून वर्षानं लहान, गोल चेहऱ्याची, सगळ्यांना ताई-दादा म्हणणारी. तिला पुस्तकं आवडत नव्हती, वाद आवडत नव्हता, आणि ती कुणालाच नावडत नव्हती. माझ्या शेजारी बसली आणि तिनं पिशवीतून भिजवलेल्या हरभऱ्याची पुडी काढून दाखवली.

"शेवंतीला," ती म्हणाली. "मी घरून आणलं की ती खिसाच हुंगती."

"तुला काय माहीत?"

"अगं, हिवाळ्यात आईचं ऑपरेशन झालं ना, तवा महिनाभर मामाकडंच व्हते मी. शेवंतीचं पोट धरलं व्हतं. सारखी लोळायची. मामा अन् मी तिला फिरवत ऱ्हायलो, दिवस दिवस."

मी खिडकीबाहेर पाहायला लागले. महिनाभर. मी सात वर्षांत जोडलेले सगळे दिवस मोजले असते तर वीससुद्धा भरले नसते.

मामाच्या अंगणात पोचलो तेव्हा शेवंती लिंबाखाली उभी होती. मी हाक मारली. तिनं कान हलवला. पूजानं हाक मारली नाही, नुसती चप्पल काढून अंगणात आली, आणि घोडी दावणीचा दोर ताणून तिच्याकडे वळली. तिच्या गळ्याची घुंगूरमाळ वाजली. तो आवाज मला अजून ऐकू येतो आणि अजून आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी, जत्रेच्या आदल्या सकाळी, मामी चुलीपाशी धपाटे थापत होती आणि मामा दोराला तेल लावत बसला होता. मी हात पुढे केला.

"मामा, दे, मी लावते."

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाला. "यंदा पूजीच्या हाती हाय दोर. तीच लावंल."

मला वाटलं, तो चेष्टा करतोय. पण मामाला चेष्टा जमत नाही.

"का? माझं काय चुकलं?"

"चुकलं कुठं? तुजाच शबूद पाळला, किरांते. मागल्या साली तूच म्हनली ना, मान एकालाच का म्हून? म्या सालभर इचार केला. मेंढरामागं दुसरं काम काय आसतंय? लई बराबर बोलली तू. भाच्या दोन, दोर एक. सात साल तू धरला. आता तिला धरू दे."

आणि त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू शाबासकी माझीच होती. मामी तव्यावर धपाटं टाकत हसली.

"शहानपन सांगायला गोड, गिळायला कडू आसतंय, बाई."

मी म्हणायला हवं होतं, हो, योग्य केलंस. माझ्या सगळ्या पत्रकांनी मला तेच शिकवलं होतं. पण माझ्या पोटात जे पेटलं होतं त्याला पत्रकं वाचता येत नव्हती. मला दोर हवा होता. मला 'उत्तमची भाची आली' हे ऐकायचं होतं, आणि ते पूजाबद्दल कुणी म्हणालेलं मला ऐकायचं नव्हतं. मत्सर करावा असं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं, मार्क नव्हते, बोलणं नव्हतं, हेच जास्त झोंबत होतं. काही न करता तिला मिळालं होतं. काही न करता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. महिनाभर आजारी घोडी फिरवणं माझ्या हिशेबात बसत नव्हतं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी मेंढरांच्या वाड्याच्या सावलीत गठ्ठा घेऊन बसले. अण्णांची पत्रकं एका बाजूनं छापलेली होती, पाठ कोरी. मी पेन काढलं आणि वर लिहिलं, 'जाहीर आवाहन'. मग हात थांबलाच नाही. मुक्या जनावराच्या गळ्यात दोर बांधून त्याला नदीतून ओढत न्यायचं, हा कसला मान? माणसं होडीत बसणार आणि जनावरानं जीव मुठीत धरून पोहायचं? दोर हे गुलामीचं चिन्ह आहे. घोडीला दोर बांधून पाण्यात घालू नये, ही नम्र विनंती. वाक्यं धारदार होती. अण्णांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. पण खाली नाव लिहायची वेळ आली तेव्हा माझा हात अडखळला. माझं नाव घातलं असतं तर मामी चुलीपासूनच ओरडली असती, "दोर गेला म्हनून व्हय?" मी खाली लिहिलं, 'आपले, समस्त गावकरी'. असे सव्वीस कागद लिहिले. शेणाचा आणि लोकरीचा वास येत होता, एक कोकरू माझी ओढणी चघळत होतं, आणि मला आपण फार न्यायाचं काम करतो आहोत असं वाटत होतं. सात वर्षं तो दोर मीच धरला होता आणि तेव्हा मला त्यात गुलामी दिसली नव्हती, हे एकदाही मनात आलं नाही. आलं असेल तर मी त्याला बसू दिलं नाही.

उन्हं कलताना पूजा मला शोधत आली. हातात दोर होता.

"ताई, मला पाण्याचं लई भ्याव वाटतं," ती म्हणाली. "मामाला सांगू नको. दोर कसा धरायचा गं? तू माझ्याजवळ बसशील ना?"

इथं मला सावकाश लिहिलं पाहिजे. पोहत्या घोडीचा दोर नुसत्या तळहातावर धरायचा असतो, सैल, साप धरल्यासारखा. हाताला कधी गुंडाळायचा नाही. घोडी बुजली, वळली, तर दोर सुटू द्यायचा, ती आपली आपण पोहते. मामानं मला पहिल्याच वर्षी दहा वेळा बजावलं होतं. दोर धरणाऱ्याला या एका गोष्टीशिवाय दुसरं काही यावं लागत नाही. मामानं पूजाला ते सांगितलं नव्हतं, कारण मी सांगेन असं त्यानं धरून ठेवलं होतं.

"घट्ट धर," मी म्हणाले.

एवढंच. ती मान हलवून गेली. मी तिला मारायचं ठरवलं नव्हतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खरं आहे ते. तिची फजिती व्हावी, लोकांनी हसावं, मामानं मला हाक मारावी, एवढंच मला हवं होतं.

जत्रेच्या सकाळी घाटावर नऊ-दहा होड्या लागल्या होत्या. बांबूला झेंडूच्या माळा, एका होडीत पालखी, एकीत हलगीवाले. काही पोरं चप्पू म्हणतात त्या थर्माकोलच्या तराफ्यावरून हातानं पाणी कापत पुढे गेली, त्यांच्या आया काठावरून शिव्या देत होत्या. होड्या निघाल्या. वल्ह्यांचा आवाज, हलगीचा आवाज, बायकांची गाणी, धपाट्यांचा आणि शेंगदाण्याच्या ठेच्याचा वास, आणि काठानं चालणाऱ्या घोड्यांच्या घुंगूरमाळा. आमच्या होडीत आई, मावशी, मामी, पूजा आणि मी. मी घाटावरच होड्या बदलत बदलत गठ्ठा वाटला होता. 'पूल आमच्या हक्काचा' सगळ्यांना, आणि मधून मधून सव्वीस कागद पाठीवर लिहिलेले. अर्ध्या वाटेवर आलो तोवर कागद उलटे झालेले दिसायला लागले. एका होडीतून दुसरीत बोलणं उड्या मारत होतं.

"काय लिवलंय रं?"

"घोडीला दोर बांधू नगा म्हनत्यात."

"कोन म्हनतंय?"

"समस्त गावकरी."

"म्हंजी आपुनच की!"

जुन्या उतारापाशी मामा गुडघाभर पाण्यात शेवंतीला धरून उभा होता. त्याच्या शेजारी दादाराव, पांढऱ्या घोड्याचा मालक, दर वर्षी मामाशी शर्यत लावणारा, मिशांतून हसणारा म्हातारा. त्याच्या हातात कुणीतरी होडीतून दिलेला माझा कागद होता.

"उत्तम, गावानं लिहून दिलंय बाबा. दोर नगं म्हनत्यात. खाली गावाचं नाव हाय."

"म्या बी गावातलाच हाय," मामा म्हणाला. "म्या कवा नाव दिलं?"

सगळ्या होड्या हसल्या. मामा हसला नाही. त्यानं कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि होडीकडे आला. मी हात पुढे करायच्या आत तो म्हणाला, "पूजे, वाच बरं. नीट वाच."

पूजानं कागद घेतला. पहिल्याच ओळीवर तिची नजर थांबली. दर दिवाळीला मी तिला पत्र पाठवायची. माझा 'ज' सगळ्या जगात वेगळा आहे. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, आणि मग ठणठणीत आवाजात शेवटपर्यंत वाचलं, 'आपले, समस्त गावकरी' सकट. मामानं पाण्याकडे बघत ऐकलं.

"चुकीचं नाय लिवलेलं," तो शेवटी म्हणाला. "पर इतक्या सालाची रीत हाय, अशी काठावर उभं ऱ्हाऊन मोडायची नाय. यंदा जाऊ दे. घरी गेल्यावर इचार करू."

आणि दोराचं टोक पूजाच्या हातात देऊन तो दुसऱ्या होडीत चढला. शेवंती पाण्यात उतरली. होडी निघाली. मी समोरच्या फळीवर बसले होते. पूजानं डोळे मिटून एकदा देवाचं नाव घेतलं, आणि घट्ट धरायचं म्हणून दोराचे दोन वेढे मनगटाभोवती घेतले.

मी ते पाहिलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

पात्राच्या मध्यावर हलगीवाल्यांची होडी शेजारून पुढे जायला लागली. हलगी एकदम कडाडली. शेवंती बिचकली, मान झटकली आणि उलटी वळली. दोर ताणला गेला, होडी कलली, पूजा फळीवरून होडीच्या काठावर आपटली आणि तिचा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला. मामा दुसऱ्या होडीतून ओरडत होता, "सोड! सोड दोर!" पण ती सोडणार कशी? दोरानं तिलाच धरलं होतं. तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. मी कशी उठले ते आठवत नाही. तिच्या अंगावर पालथी पडून मी त्या ओल्या, तेल लावलेल्या वेढ्यांत बोटं घातली. एक वेढा निघाला. दुसरा मांसात रुतला होता. मग शेवंतीनं क्षणभर ओढ सोडली, तेवढ्यात तोही निघाला, आणि दोर सळसळत पाण्यात गेला.

घोडी सुटली. आता ती गावाकडे परत जाईल, असं सगळ्यांना वाटलं. तिनं पाण्यात एक वळण घेतलं, फुरफुरली, आणि आमच्या होडीमागं यायला लागली. पूजा मनगट छातीशी धरून बसली होती. शेवंती तिच्याकडे नाक करून, दोराशिवाय, पलीकडच्या तीरापर्यंत पोहत आली. मी नुकताच तिचा जीव वाचवला होता, माझी नखं फाटली होती, आणि त्याही क्षणी माझ्या मनात आलं, माझ्यामागं ती आली नसती.

तीरावर मामानं पूजाचं मनगट पाहिलं. निळं-काळं झालं होतं.

"दोर हाताला गुंडाळत न्हाईत. सांगितलं न्हाई कुनी तुला?"

मी उभी होते, तिथंच.

"सांगितलं व्हतं," पूजा म्हणाली. "माज्याच ध्यानात नाय ऱ्हायलं."

मामा सगळ्या लोकांकडे वळला. असा मोठ्यानं बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता. "गावानं खरं लिवलं व्हतं. म्या ऐकलं न्हाई. आजपासून आमच्या घोडीला पान्यात दोर नाय. तिला यायचं आसंल तर ती यील." दादारावानं मिशीवर हात फिरवला आणि पांढऱ्याच्या गळ्यातला दोर सोडला. शर्यत झाली. कोण जिंकलं, ते मला विचारू नका. परतीच्या होडीत पूजा माझ्या शेजारी बसली, हाताला हळदीचं फडकं बांधून.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मागायचा ना. मी दिला असता दोर."

क्षमाही तिनं माझ्याआधीच उरकून टाकली होती. माझ्यासाठी काहीच ठेवलं नव्हतं.

त्यानंतर मी बरंच लिहिलं, सगळं नावानिशी. जत्रेत आता एकही घोडी दोराला बांधून पाण्यात घालत नाहीत. गाव अभिमानानं सांगतं की आम्ही स्वतः लिहून काढलेली रीत आहे. मामानं तो कागद पत्र्याच्या पेटीत, शेवंतीच्या घुंगूरमाळेखाली जपून ठेवला आहे. येईल त्याला काढून दाखवतो. पूल अजून झालेला नाही.

या चैत्रात मी गेले. मामा साठी ओलांडून गेलाय, घोडीवर बसत नाही, होडीत बसतो. शेवंतीची नात पळते आता. निघायच्या आधी मी त्याच्याकडे तो कागद मागितला, गुडघ्यावर ठेवला आणि 'समस्त गावकरी' खोडून खाली माझं नाव लिहिलं.

"काय लिवलं?"

"माझं नाव, मामा. तो कागद गावानं लिहिला नव्हता. मी लिहिला होता."

त्याचा चेहरा उजळला. "आरं तिच्या! म्हंजी एवढी सालं म्या गावाचे उपकार मानतोय, ते तुजे व्हते?"

"उपकार नव्हते. मी जळत होते. दोर पूजाला दिलास म्हणून." आणि मग दुसरंही सांगितलं, तो एक शब्द, घट्ट. ते सांगताना मला त्याच्याकडे बघता आलं नाही. घाटावर पूजा साडीचा ओचा वर खोचून पाण्यात उभी होती, चितेगावहून कामावरची रजा काढून आलेली, आणि शेवंतीची नात तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून हरभऱ्याची पुडी हुंगत होती. मी कालच त्या घोडीला हाक मारून पाहिली होती. तिनं कान हलवला होता.

मामानं कागद उचलून उलटा-सुलटा पाहिला. मग त्यानं माझी नजर कुठं आहे ते पाहिलं.

"आन आता?" त्यानं विचारलं. "आजून जळती?"

"व्हय, मामा."

त्यानं कागद माझ्या गुडघ्यावर परत सरकवला.

"मंग तेबी लिव खाली."